पिनाक धनुष्याचा भाता

शंकराच्या धनुष्याचे नाव धारण करणारी ‘पिनाक’ ही अग्निबाणांची यंत्रणा भारतीय तोफखान्याच्या अभिमानाचा विषय झाली आहे आणि तो अभिमान अनाठायी नाही. दिल्लीतील प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात आठचाकी ट्रकवर बसविलेले तिचे प्रक्षेपक पुढे सरकू लागले की प्रेक्षकांच्या टाळ्या आपोआप पडतात. परंतु संचलनात दिसते ते धनुष्य. भाता दिसत नाही. युद्धाचा निकाल आणि राष्ट्राच्या तिजोरीवरील भार ह्या दोन्ही गोष्टी मात्र धनुष्यापेक्षा भात्यावर अधिक अवलंबून असतात. आपल्याकडील संरक्षणविषयक चर्चा बहुधा प्रक्षेपकांच्या संख्येपाशी येऊन थांबते. ती दारूगोळ्याच्या हिशेबापर्यंत गेली पाहिजे.

ह्या हिशेबाचे मर्म दोन आकड्यांत सापडते. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने पिनाकच्या सहा रेजिमेंटांसाठी बीईएमएल, टाटा पॉवर आणि लार्सन अँड टुब्रो ह्या कंपन्यांशी करार केले. ११४ प्रक्षेपक, ४५ नियंत्रण-वाहने आणि ३३० ट्रक एवढ्या सामग्रीसाठी सुमारे २,५८० कोटी रुपये ठरले. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच मंत्रालयाने पिनाकच्या दोन प्रकारच्या अग्निबाणांसाठी नागपूरची इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज् आणि सरकारी मालकीची म्युनिशन्स इंडिया ह्यांच्याशी १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. हा दारूगोळा केवळ त्या सहा रेजिमेंटांपुरता आहे असे नव्हे, म्हणून दोन्ही रकमांची तंतोतंत तुलना करणे योग्य होणार नाही. तरीही एक रक्कम दुसरीच्या जवळजवळ चौपट असावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. प्रक्षेपक एकदा घेतला की वर्षानुवर्षे टिकतो. अग्निबाण एकदा उडाला की संपतो.

तो किती वेगाने संपतो हे पाहण्यासारखे आहे. एका प्रक्षेपकावर प्रत्येकी सहा नळ्यांचे दोन संच असतात. त्यांतील बाराही अग्निबाण अवघ्या ४४ सेकंदांत सुटतात. सहा प्रक्षेपकांची एक बॅटरी तेवढ्याच वेळात ७२ आणि अठरा प्रक्षेपकांची रेजिमेंट २१६ अग्निबाण सोडू शकते. मूळ पद्धतीच्या एका अग्निबाणाचे वजन सुमारे २७६ किलो असते. म्हणजे पाऊण मिनिटात एक रेजिमेंट जवळजवळ ६० टन सामग्री शत्रूवर टाकते. त्यानंतर शत्रूच्या रडारने जागा हेरण्यापूर्वी ट्रक तेथून निघून जातात आणि नव्या ठिकाणी सामग्रीवाहनांवरील यारीने रिकामे संच काढून भरलेले संच चढविले जातात. ही सारी करामत मागे भरलेले संच तयार आहेत ह्या गृहीतावर उभी आहे. ते नसतील, तर तो आठचाकी ट्रक हे केवळ एक महागडे वाहन होय.

पिनाकचा जन्म अशाच एका उणिवेतून झाला. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४१ मध्ये, सोव्हिएत सैन्याने ओर्शा येथे ‘कात्युशा’चा प्रथम उपयोग केला, तेव्हापासून ट्रकवरून एकामागून एक अग्निबाण सोडण्याचे तंत्र जगभर रूढ झाले. त्याच परंपरेतील १२२ मिलिमीटरची ‘ग्राद’ यंत्रणा भारताने सोव्हिएत संघाकडून घेतली होती. तिचा पल्ला सुमारे २० किलोमीटर. त्याहून लांब पल्ल्याची स्वदेशी यंत्रणा बनविण्याचे काम १९८० नंतरच्या दशकात पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेकडे आले. २१४ मिलिमीटर व्यासाचा आणि साडेसदतीस किलोमीटर पल्ल्याचा पिनाक अग्निबाण हे त्या प्रयत्नांचे फळ. १९९९ च्या कारगिल युद्धात त्याची प्रत्यक्ष रणांगणावर परीक्षा झाली आणि २००० मध्ये पहिली रेजिमेंट उभी राहिली. ह्या यंत्रणेचा संशोधनापासून उत्पादनापर्यंतचा मोठा भाग महाराष्ट्रात पुणे आणि विदर्भ ह्या दोन टोकांना विभागलेला आहे. त्यामुळे तिच्या यशापयशाशी ह्या राज्यातील कामगारांचा संबंध केवळ भावनेचा नाही, रोजगाराचा आणि जीविताचाही आहे.

दारूगोळ्याच्या टंचाईने भल्याभल्या राष्ट्रांची फजिती केलेली आहे. १९१५ च्या वसंतात ब्रिटिश तोफांना पुरेसे गोळे मिळेनात, तेव्हा त्या देशाच्या राजकारणात वादळ उठले आणि लॉइड जॉर्ज ह्यांच्या हाती नवे दारूगोळा खाते देणे भाग पडले. शंभर वर्षांनंतरही परिस्थितीत फार बदल झालेला नाही. युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये दिले. ठरलेली मुदत संपली तेव्हा त्यांपैकी जेमतेम निम्मे पोहोचले होते. ह्या राष्ट्रांकडे पैसा होता, तंत्रज्ञान होते, इच्छाही होती. नव्हती ती चालू असलेली उत्पादनव्यवस्था. अग्निबाणाचे इंधन कालवून नळीत ओतावे लागते, ते सावकाश घट्ट होऊ द्यावे लागते, त्यात कोठे पोकळी किंवा भेग राहिली नाही ना हे तपासावे लागते. स्फोटकशीर्ष, स्फोटक कळ आणि शेपटीचे पंख हे भाग वेगवेगळ्या ठिकाणी तयार होऊन एकत्र यावे लागतात. ह्या कामाला कुशल हात लागतात आणि ते हात मंत्रालयाच्या परिपत्रकाने एका रात्रीत निर्माण होत नाहीत.

भारताला हा धडा परक्यांकडून शिकण्याचीही आवश्यकता नव्हती. महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात सप्टेंबर २०१६ मधील दारूगोळ्याच्या साठ्याचे जे चित्र रेखाटले होते, ते काळजी वाटावी असेच होते. चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धास पुरेल इतका साठा असावा ही मूळ अपेक्षा. प्रत्यक्षात दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. त्याच सुमारास, उरी येथील हल्ल्यानंतर, तातडीच्या खरेदीची धावपळ झाली. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत केवळ धोक्याची नव्हे, महागही असते; कारण निकडीच्या वेळी भाव विक्रेता ठरवितो, ग्राहक नव्हे.

ही स्थिती का उद्भवते ह्याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. अग्निबाणांच्या बाजारात देशांतर्गत ग्राहक एकच, तो म्हणजे सरकार. साबण किंवा सायकल बनविणाऱ्या कारखानदाराला एका गिऱ्हाइकाने पाठ फिरविली तरी दुसरे मिळते. अग्निबाण बनविणाऱ्यास ती सोय नाही. सरकारने दोन वर्षे मागणी केली आणि तिसऱ्या वर्षी हात आखडता घेतला, तर यंत्रे गंजतात, कारागीर पांगतात आणि पुन्हा मागणी आली की सारे मुळापासून उभारावे लागते. दारूगोळ्याची नित्याची भरपाई सर्वसाधारणपणे महसुली खर्चात धरली जाते आणि अंदाजपत्रकात ओढाताण झाली की पहिली कात्री तेथेच चालते. नव्या तोफेचा करार वृत्तपत्रांत झळकतो. कोठारात न भरलेल्या गोळ्यांची बातमी होत नाही.

ह्यावर उपाय म्हणजे मोठी मागणी एकदम नोंदविणे नव्हे, तर मध्यम मागणी दरवर्षी निश्चितपणे नोंदविणे. इंधन आणि स्फोटके कालांतराने जुनी होतात; म्हणून कोठारे एकदा भरून निश्चिंत होता येत नाही. त्याऐवजी आठ-दहा वर्षांच्या मुदतीचे करार व्हावेत, त्यांतील वार्षिक किमान खरेदी बंधनकारक असावी आणि गरज पडल्यास उत्पादन दुप्पट करण्याची क्षमता कारखान्यांनी राखावी. ही राखीव क्षमता शांततेच्या काळात रिकामी दिसेल आणि तिच्यावरचा खर्च अपव्यय भासेल. परंतु विम्याचा हप्ता भरणारा मनुष्य घराला आग लागली नाही म्हणून हळहळत नाही. सरकारी आणि खासगी असे दोन पुरवठादार ठेवण्याचे धोरण ह्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. आर्मेनियाने पिनाक घेतल्यामुळे कारखान्यांची चाके फिरती राहण्यास मदत होईल हेही खरे. मात्र निर्यात ही स्वतःच्या गरजेला पूरक असावी, पर्याय नव्हे.

काटकसरीचा दुसरा मार्ग अचूकतेतून जातो. साधा अग्निबाण ठरावीक बिंदूवर पडत नाही. तो क्षेत्रावर पडतो आणि पल्ला वाढतो तसे विखुरणेही वाढते. म्हणून एका लक्ष्यासाठी अनेक अग्निबाण खर्ची पडतात. ७५ किलोमीटर पल्ल्याच्या मार्गदर्शित पिनाकच्या चाचण्यांचा महत्त्वाचा टप्पा नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. हा बाण साध्या बाणापेक्षा महाग असणार हे उघड आहे. परंतु किंमत बाणामागे न मोजता साधलेल्या लक्ष्यामागे मोजली, तर महाग बाणच स्वस्त ठरू शकतो.

तथापि पैशांत न मोजता येणारी किंमतही आहे आणि तिची नोंद जमाखर्चात होत नाही. २०२५ च्या करारातील एका प्रकारचा अग्निबाण आपल्या पोटातून अनेक छोटे बॉम्ब विखुरतो. अशा शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये झाला. भारत त्यात सामील नाही. शेजारची परिस्थिती पाहता सरकारची भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु न फुटलेले बॉम्ब युद्ध संपल्यावरही जमिनीत राहतात आणि नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला किंवा गुरे राखणाऱ्या पोराला युद्ध संपल्याचे त्यांना ठाऊक नसते. म्हणून न फुटणाऱ्या बॉम्बांचे प्रमाण कमीत कमी राहील ह्याची कसोटी खरेदीच्या वेळीच कठोरपणे लावली पाहिजे.

दुसरी किंमत कारखान्यातील कामगार मोजतो. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात ९ कामगार मृत्युमुखी पडले. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतील स्फोटाने ८ जणांचा बळी घेतला. एक कारखाना खासगी, दुसरा सरकारी. म्हणजे हा प्रश्न मालकी कोणाची ह्याचा नाही. मागणी वाढली की कामाची घाई वाढते, आणि स्फोटकांच्या कामात घाईसारखा शत्रू नाही. सीमेवर मरणाऱ्या सैनिकाला राष्ट्र मानवंदना देते. त्याचा भाता भरताना मरणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाला नुकसानभरपाईचा धनादेश मिळतो आणि बातमी दोन दिवसांत विरते. उत्पादनखर्चात सुरक्षिततेचा पुरा खर्च धरणे ही सरकारची, एकमेव ग्राहक ह्या नात्याने, जबाबदारी आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना तो दर कोणाच्या जिवावर कमी झाला आहे, हे विचारलेच पाहिजे.

ज्या देशात शाळांना छप्पर नाही आणि प्राथमिक आरोग्यकेंद्रांत औषध नाही, त्याने दहा हजार कोटी रुपये अग्निबाणांवर का खर्चावेत, असा प्रश्न कोणी विचारला तर तो देशद्रोह मानण्याचे कारण नाही. तो करदात्याचा रास्त प्रश्न आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर इतकेच की अपुऱ्या भात्याचे धनुष्य बाळगणे हा सर्वांत मोठा अपव्यय होय. त्यात पैसाही जातो आणि संरक्षणही मिळत नाही. एकतर प्रक्षेपक तितकेच घ्यावेत जितक्यांचा भाता भरता येईल, किंवा भाता भरण्याची तयारी ठेवूनच नवे प्रक्षेपक घ्यावेत. कोणत्या कोठारात किती बाण आहेत हे जाहीर करण्याची मागणी कोणी करणार नाही. परंतु दरवर्षी साठ्याचे लक्ष्य किती टक्के गाठले, कारखान्यांत किती अपघात झाले आणि किती दारूगोळा परीक्षेत नापास झाला, हे संसदेच्या स्थायी समितीला तरी कळलेच पाहिजे. संचलनातील टाळ्या धनुष्याला मिळोत. संसदेचे लक्ष भात्यावर हवे.