इन्व्हर्टरच्या हमीला भारतात धनी हवा

छपरावर सौर संच बसवू पाहणारा माणूस पॅनेलची बारकाईने चौकशी करतो. कोणत्या कंपनीचं, किती वॉटचं, मोनो की टॉपकॉन, २५ वर्षांनी किती वीज देईल. इन्व्हर्टर मात्र कोटेशनच्या एका ओळीत उरकतो: नामांकित कंपनी, वॉरंटी ५ वर्षं, जास्तीचे पैसे भरले तर १० वर्षं. ही हमी नक्की कोणी दिली आणि ती पाळायला भारतात कोण बांधील आहे, हे विचारायचं राहून जातं. परदेशी इन्व्हर्टर घेऊच नका, असं मला म्हणायचं नाही. त्यातले कित्येक उत्तम आहेत. सनग्रो या चिनी कंपनीने तर २०१८ सालीच बंगळुरूजवळ कारखाना सुरू केला. माझा आक्षेप आहे तो ज्याच्या हमीला इथे कोणी धनीच नाही, अशा यंत्राला. ते घरमालकाने घेऊ नये आणि सरकारने अनुदानाच्या योजनेत येऊ देऊ नये.

१. बिघडतो इन्व्हर्टर, काळजी मात्र पॅनेलची

पॅनेल ही काचेखाली बंद केलेली वस्तू आहे. फुटलं नाही तर ते वर्षानुवर्षं चालतं. इन्व्हर्टरमध्ये पंखे आहेत, रिले आहेत, दिवसभर तापणारी सर्किट आहेत. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने लवकर म्हातारे होतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात गच्चीच्या कठड्याला टांगलेल्या यंत्राची काय गत होत असेल, याचा विचार करा. पॅनेल २५ वर्षं चालेल, पण त्या काळात इन्व्हर्टर निदान एकदा तरी बदलावा लागेल, हे धरूनच चालावं.

पंतप्रधान सूर्यघर योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. एक कोटी घरं आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये घरमालकाला मिळतात. अनुदान हवं तर पॅनेल आणि त्यातले सेल भारतात बनलेले हवेत, ही अट आहे. इन्व्हर्टरला तशी अट घातली गेली नाही. बसवणाऱ्या व्हेंडरने ५ वर्षं देखभाल करायची, एवढं संरक्षण घरमालकाला आहे. ते मोलाचं आहे, पण व्हेंडर देखभाल करणार म्हणजे फोन उचलणार, माणूस पाठवणार आणि बोर्ड गेलं असेल तर पुढे कंपनीकडे कळवणार. पुढे कंपनीच हाताला लागत नसेल तर तोही हतबल असतो.

नुकसान किती होतं, तेही पाहू. आपल्याकडे १ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. ३ किलोवॉटचा संच दोन महिने बंद राहिला तर सुमारे ७२० युनिट गेले. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले तर ७,२०० रुपये. हे नुकसान जवळजवळ कोणत्याही कंपनीच्या हमीपत्रात भरून दिलेलं नसतं. शिवाय कर्जाचा हप्ता चालूच राहतो.

२. हमीपत्र पैसे देण्याआधी वाचायला मागा

व्हेंडर माहितीपत्रक दाखवतो, हमीपत्र दाखवत नाही. दोन्ही वेगळे कागद आहेत, आणि घरमालकाचं पुढचं सगळं दुसऱ्यावर अवलंबून आहे. त्यात पुढच्या गोष्टी शोधाव्यात.

हमीची मुदत कधी सुरू होते? अनेक कंपन्या ती बसवल्याच्या तारखेपासून किंवा कारखान्यातून माल निघाल्यावर ठरावीक महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तिथून मोजतात. जहाजातून येऊन, गोदामात पडून, वर्षभराने तुमच्या भिंतीवर चढलेल्या यंत्राच्या ५ वर्षांतले काही महिने आधीच खर्ची पडलेले असू शकतात.

बिघडलेलं यंत्र कुठे पाठवायचं? भारतातल्या दुरुस्ती केंद्रात की परदेशी कारखान्यात? वाहतूक कोणाची, काढण्या-बसवण्याची मजुरी कोणाची, सीमाशुल्क कोणाचं? २०२१च्या अर्थसंकल्पात सौर इन्व्हर्टरवरचं मूळ सीमाशुल्क ५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं. देशी उत्पादन वाढावं म्हणून ते वाढवलं, आणि ते मला पटतं. पण बदली यंत्र बाहेरून येणार असेल तर तो भार कोणी उचलायचा, हे आधी लिहून घ्यावं लागतं. बदली मिळालेलं यंत्र नवं असेल की दुरुस्त केलेलं, आणि त्यावर नवी मुदत मिळते की जुनीच उरलेली, हेही पाहा.

हमीतून काय वगळलंय? वीज कोसळणं आणि दाब एकदम वाढणं बहुधा वगळलेलं असतं, आणि आपल्याकडे वळवाच्या पावसात नेमकं तेच घडतं. थेट उन्हात बसवलेलं, हवेला पुरेशी जागा न सोडलेलं, अर्थिंग नीट नसलेलं यंत्रही बाद होतं. म्हणजे चूक व्हेंडरची आणि हमी गेली तुमची. कोकणात आणि गोव्यात आणखी एक गोष्ट बघा. समुद्रापासून अमुक अंतराच्या आत बसवलेल्या यंत्राला काही कंपन्या हमी देत नाहीत किंवा वेगळी अट घालतात. आतल्या बोर्डावर पाल किंवा मुंग्या सापडल्या की कीटक-प्राण्यांचं कलम पुढे केलं जातं.

आणि नोंदणी. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदवला नाही तर वाढीव मुदत मिळत नाही, असं पुष्कळ ठिकाणी असतं. मॉनिटरिंग ॲपवरचं मालकाचं खातं स्वतःच्या नावावर करून घ्या. बहुतेक वेळा ते व्हेंडरच्या ईमेलवर असतं. त्याने धंदा बंद केला की स्वतःच्या छपराची जुनी आकडेवारी आणि फॉल्ट कोड मालकालाच दिसत नाहीत.

३. नाव मोठं असलं तरी कंपनी धंदा सोडू शकते

एबीबी हे विद्युत क्षेत्रातलं केवढं मोठं नाव. तिचे सौर इन्व्हर्टर भारतात भरपूर खपले. बंगळुरूत त्यांचं उत्पादनही होत होतं. जुलै २०१९ मध्ये कंपनीने हा धंदा इटलीच्या फिमर कंपनीला देऊन टाकायचं जाहीर केलं आणि मार्च २०२० मध्ये व्यवहार पूर्ण झाला. विशेष म्हणजे इथे विकणाऱ्यानेच घेणाऱ्याला मोठी रक्कम मोजली. दोनेक वर्षांत फिमर स्वतः आर्थिक संकटात सापडली आणि इटलीच्या न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेली. ज्यांनी मूळ नावावर विश्वासून १० वर्षांचा हिशेब मांडला होता, त्यांची हमी त्यांना न विचारता तिसऱ्याच्या हाती गेली. ही जोखीम शून्यावर आणता येत नाही. पण ज्या कंपनीची भारतात नोंदणीकृत उपकंपनी आहे, सुटे भाग ठेवणारं गोदाम आहे, तिच्या बाबतीत निदान नोटीस पाठवायला पत्ता असतो. ज्या ब्रँडमागे एक आयातदार आणि एक मोबाइल क्रमांक एवढंच आहे, तिथे आयातदाराने दुसऱ्या ब्रँडची एजन्सी घेतली की संपलं.

४. दुरून बंद पडणारं यंत्र

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत काही घरांतल्या डेये या चिनी कंपनीच्या इन्व्हर्टरच्या पडद्यावर संदेश आला की या भागात हे यंत्र वापरायला परवानगी नाही, आणि यंत्रं बंद पडली. तिथे डेयेने बनवलेले इन्व्हर्टर सोल-आर्क ही कंपनी स्वतःच्या नावाने विकते. तसा दोघांमध्ये करार आहे. बंद पडली ती डेयेच्याच नावाची, या अधिकृत वाटेने न आलेली यंत्रं. करारात कोण बरोबर, हा त्यांचा प्रश्न. ग्राहकाने मात्र पैसे मोजले होते, यंत्र धडधाकट होतं, आणि ते एका आज्ञेने थांबलं.

यातून आपल्याला दोन गोष्टी कळतात. इंटरनेटला जोडलेल्या इन्व्हर्टरचा शेवटचा ताबा सर्व्हरवाल्याकडे असतो. आणि ‘मूळ कंपनीचाच माल, फक्त आपण थेट मागवला’ हे समर्थन संकटात कामाला येत नाही. आखातातल्या किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून, परदेशी संकेतस्थळावरून स्वस्तात मागवलेलं यंत्र त्या त्या प्रदेशासाठी विकलेलं असतं. अमेरिकी घरांसाठी बनवलेलं यंत्र तर ६० हर्ट्झचं आणि तिथल्या विद्युतदाबाचं. आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि २३० व्होल्ट. हमी मागायला गेलं की पहिला प्रश्न अनुक्रमांकाचा, आणि तिथेच विषय मिटतो.

५. बीआयएसचा शिक्का कशाची ग्वाही देतो

सौर इन्व्हर्टरला भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) सक्तीची नोंदणी लागते; त्याचा पहिला आदेश २०१७चा. आयएस १६२२१ हे सुरक्षिततेचं मानक. आयएस १६१६९ पाहतं की ग्रिडची वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो की नाही. खांबावर चढलेल्या महावितरणच्या लाइनमनचा जीव त्यावर अवलंबून असतो. यंत्रावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर दोन मिनिटांत तपासता येतो. ज्यावर तो नाही, ते घेऊच नये.

पण ही नोंदणी यंत्राचा नमुना सुरक्षित आहे एवढंच सांगते. सुटे भाग मिळतील का, दुरुस्ती किती दिवसांत होईल, याच्याशी तिचा संबंध नाही. तरी तिच्यात एक उपयोगी धागा आहे. परदेशी उत्पादकाला या नोंदणीसाठी भारतात एक अधिकृत प्रतिनिधी नेमावाच लागतो. म्हणजे कायद्याला उत्तर देणारं एक भारतीय नाव सरकारदरबारी आधीच आहे. त्याच नावावर हमीची जबाबदारी का टाकली जात नाही, हा माझा मूळ प्रश्न आहे.

६. कायदा कुठवर साथ देतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याच्या कलम २(३७) मध्ये ‘उत्पादन विक्रेता’ या व्याख्येत आयात करणारा आणि बसवणारासुद्धा येतो. कलम ८६ म्हणतं की मूळ उत्पादकावर नोटीस बजावता येत नसेल किंवा आदेशाची अंमलबजावणी करता येत नसेल तर विक्रेत्याला जबाबदार धरता येईल. वाचून बरं वाटतं. पण कायद्यातलं हे प्रकरण यंत्रामुळे झालेल्या हानीसाठी आहे: आग लागली, कोणी जखमी झालं, घराचं नुकसान झालं. यंत्र स्वतः निकामी होणं आणि हमीच्या अटी न पाळल्याने झालेलं नुकसान कायद्याने या हानीतून स्पष्टपणे वगळलंय.

त्यामुळे मुकाट बंद पडलेल्या इन्व्हर्टरसाठी वाट राहते ती सदोष वस्तूच्या आणि सेवेतल्या उणिवेच्या तक्रारीची, मुख्यतः ज्याने विकला त्याच्याविरुद्ध. तीही कमी नाही. स्वतः राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. सहकारी गृहनिर्माण संस्थाही तक्रार करू शकते. कारखान्याच्या शेडवर बसवलेल्या संचाबाबत मात्र ‘व्यावसायिक वापर’ हा आक्षेप येऊ शकतो. तक्रार टिकायची तर कागद हवेत: अनुक्रमांक लिहिलेलं जीएसटी बिल, विक्रेत्याच्या सहीचं हमीपत्र आणि आयातदाराचं नाव-पत्ता छापलेलं खोक्यावरचं लेबल. खोकं रद्दीत देण्याआधी त्या लेबलाचा फोटो काढून ठेवा.

७. सोसायट्यांनी करारात काय लिहावं

लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी बसवलेल्या संचाला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे सोसायट्या आता मोठे संच घेताहेत. इथे सभासदांची वर्गणी पणाला लागते; समितीने दोन-तीन हजारांचा फरक बघून ब्रँड ठरवू नये. तक्रारीनंतर किती दिवसांत दुरुस्ती, तोवर पर्यायी यंत्र देणार का आणि न दिल्यास दिवसाला किती कपात, हे आकड्यांत लिहावं. शेवटचा हप्ता हमीपत्र आणि ॲपचं खातं हातात आल्यावरच द्यावा. मोठ्या संचात एकच मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा दोन लहान घ्यावेत. एक बंद पडला तरी निम्मी वीज येत राहते.

८. सरकारने काय करावं

ज्या इन्व्हर्टरला अनुदानाच्या योजनेत जागा हवी, त्याच्या हमीपत्रावर बीआयएसकडे नोंदवलेल्या भारतीय प्रतिनिधीची सही हवी आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील हे लिहिलेलं हवं. हमीची मुदत संच चालू झाल्याच्या तारखेपासूनच मोजली जावी. ती तारीख महावितरणकडे नेट मीटरच्या नोंदीत असतेच. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं असे गट त्यात आहेत. एक कोटी छपरांवर चढणाऱ्या यंत्राचा स्वतंत्र गट त्यात करावा.

आणि आकडे उघड करावेत. सूर्यघरच्या १५५५५ आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकांवर येणाऱ्या तक्रारी इन्व्हर्टरच्या ब्रँडनुसार आणि दुरुस्तीला लागलेल्या दिवसांनुसार दर तिमाहीला प्रसिद्ध कराव्यात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तक्रार घेताना ब्रँड आणि अनुक्रमांक हे दोन रकाने भरून घेतले की काम सुरू होतं.