‘चांगले लाकूड’ म्हणजे कोणते?

‘लाकूड पाण्यावर तरंगते’ हे वाक्य तुम्ही प्राथमिक शाळेतच पाठ केले असेल. मीही केले होते. पुढे भौतिकशास्त्र शिकवू लागल्यावर कित्येक वर्षे ते मी निःशंकपणे फळ्यावर लिहीतही होतो. मग एका विद्यार्थ्याने खानदेशातून अंजनाच्या लाकडाचा एक तुकडा आणून दिला. तो पाण्यात सोडला तर दगडासारखा थेट तळाशी गेला! वर्ग हसला, आणि मलाही हसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

अंजनाच्या लाकडाची घनता दर घन सें.मी.ला सुमारे १.०८ ग्रॅम भरते. पांगाऱ्याची भरते ०.३ च्या आसपास. म्हणजे एक दुसऱ्याच्या साडेतीनपट जड, आणि आपण दोघांनाही ‘लाकूड’ या एकाच नावाने हाक मारतो. लोखंडाची घनता विचारली तर ७.८ असे उत्तर देता येते. लाकडाची घनता विचारली तर ‘कोणत्या झाडाच्या?’ असा उलट प्रश्नच करावा लागतो.

असे का व्हावे? गंमत अशी की, लाकडातील पेशींच्या भिंती ज्या पदार्थाच्या बनलेल्या असतात त्याची घनता सर्व झाडांत जवळजवळ सारखीच, १.५ एवढी असते. फरक असतो तो पोकळीचा. वाळलेल्या पांगाऱ्यात पाचांपैकी चार भाग नुसती पोकळी असते. अंजनात ती तीन दशांशांहूनही कमी. पांगारा चाकूने कोरता येतो आणि अंजन करवतीचे दात बोथट करते, याचे बरेचसे कारण येथे सापडते.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे वळतो. ‘चांगले लाकूड कोणते?’ असे कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले: साग! शाळेच्या सामानाची यादी पाहा. सूचनाफलक सागवानी, स्टूल सागवानी, फळा पुसायच्या डस्टरची मूठसुद्धा सागवानी. आणि पैसे कमी पडले की एकदम ‘वखारीत मिळेल ते’. या दोन टोकांच्या मध्ये विचार करण्यासारखे काही आहे, हे कोणाच्या गावीही नसते. सागाचे झाड तोडणीस येण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागतात. एवढी वर्षे वाढलेले लाकूड डस्टरच्या मुठीत घालणे मला तरी पटत नाही.

पण दुसऱ्या टोकाचा दोष माझ्याच हातून घडला आहे, तो सांगितला पाहिजे. आमच्या प्रयोगशाळेसाठी भिंगांच्या प्रयोगाचा एक ऑप्टिकल बेंच, म्हणजे दोन मीटर लांबीचा लाकडी बाक, मी मार्च महिन्यात करवून घेतला. काटकसर म्हणून आंब्याच्या फळ्या घेतल्या. त्या नुकत्याच कापलेल्या होत्या. पण रंधा मारल्यावर इतक्या सुरेख दिसल्या की मला शंकाही आली नाही. मे अखेर बाकाला असा पीळ पडला की एका टोकाची सूची आणि दुसऱ्या टोकाची सूची एका रेषेत येईनात. गावातील एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी बाकावरून हात फिरवला आणि म्हणाले, “सर, हे लाकूड नव्हे. हे अजून झाडच आहे.”

याहून अचूक व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात सापडली नसती! ताज्या लाकडात भरपूर पाणी असते. ते उडून जाताना लाकूड आक्रसते, आणि आक्रसते तेही सगळीकडे सारखे नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. आडव्या दिशेने पुष्कळ. आणि त्यातही वर्षवलयांच्या कडेने जेवढे, त्याच्या साधारण निम्मेच केंद्राकडून सालीकडे. मग फळीला पीळ पडेल नाही तर काय होईल? आंब्याचा यात विशेष अपराध नव्हता. अपराध माझ्या घाईचा होता.

पुरते वाळवलेले लाकूडसुद्धा स्वस्थ बसत नाही. हवा दमट झाली की ते पाणी घेते, कोरडी झाली की सोडते. सागाची ३० सें.मी. रुंदीची साधी चिरलेली फळी घ्या. उन्हाळ्यात तिच्यात ८ टक्के आणि श्रावणात १६ टक्के पाणी आहे असे धरा. तिची रुंदी पावणेपाच मि.मी.ने वाढेल. तेवढ्याच रुंदीची लोखंडी पट्टी २० अंशांनी तापवली तर ती वाढते अवघी ०.०७ मि.मी.! उष्णतेने लोखंड प्रसरण पावते हे आपण घोकून घेतो. पावसाळ्यात दार का अडते, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि लक्षात घ्या, मी उदाहरण सागाचे दिले. आकार टिकवून धरण्यात साग आपल्याकडील उत्तम लाकडांपैकी एक. इतरांची कथा काय वर्णावी! सागाची खरी थोरवी येथे आहे, शिवाय त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही यात. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. मात्र ‘गाभ्याला’ हा शब्द विसरू नका. सागाचे बाहेरचे फिक्कट लाकूड किडे आनंदाने खातात, आणि वखारीत तेही साग म्हणूनच विकले जाते.

मग बैलगाडीचे चाक सागाचे का करीत नसत? ते बाभळीचे असे. खड्ड्यांतून जाताना चाकाला क्षणोक्षणी हादरे बसतात, आणि मधल्या तुंब्याला आऱ्यांसाठी चहूकडून भोके पाडलेली असतात. तेथे हवा चिवटपणा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने (स्थापना १९०६) भारतीय लाकडांची तुलना सागाला १०० गुण मानून केली आहे. त्या तक्त्यात आघात सोसण्याच्या रकान्यात बाभूळ सागाच्या बरीच वर आहे. आकार टिकवण्याच्या रकान्यात ती खाली येते, हेही सांगितले पाहिजे. हा तक्ता प्रत्येक शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत टांगलेला असावा असे माझे मत आहे. एकाच वर्गातील मुलांना वेगवेगळ्या विषयांत वेगवेगळे गुण पडतात तसेच ते आहे.

चाकावरील लोखंडी धाव तापवून बसवतात, हे उदाहरण तुमच्या पुस्तकात आहेच. सव्वा मीटरच्या आसपास व्यासाची धाव ४०० अंशांनी तापवली की व्यास सहा मि.मी.ने वाढतो, आणि थंड होताना ती चाकाला आवळून धरते. परंतु पुस्तक येथे थांबते. उन्हाळ्यात आतले लाकूड वाळते, तुंबा आणि घेराचे तुकडे आडवे आक्रसतात आणि तीच धाव ढिली होते. तेव्हा शेतकरी काय करीत? चाक ओढ्यात भिजत घालीत! आता गाड्यांना रबरी टायर आले आणि अशी चाके क्वचितच दिसतात. तुमच्या आजोबांना मात्र विचारून पाहा.

तबल्याचे खोड जड शिसवीचे, मिरजेच्या तंबोऱ्याला हलके तुणीचे लाकूड, सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा, क्रिकेटच्या बॅटीला विलो. बाभळीची बॅट केलीत तर ती मोडणार नाही, पण सचोटीने सांगतो, तुम्हाला वेळेवर उचलताही येणार नाही. ती विलोच्या जवळजवळ दुप्पट जड होईल.

काही शिक्षकबंधू म्हणतील, आता प्लायवूड आले, हा खटाटोप कशाला? पण प्लायवूडमधील थर एकमेकांना काटकोनात का चिकटवतात? लाकूड लांबीत आक्रसत नाही म्हणून, एक थर शेजारच्या थराला आवरून धरतो. प्रश्न तोच आहे, फक्त तो कारखान्यात सोडवला जातो.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. सुतारांकडे नाहीतरी तुकडे पडलेले असतात. त्यांतून ५ × ५ × १० सें.मी.चे ठोकळे करून घ्या आणि प्रत्येकावर झाडाचे नाव लिहा. पांगाऱ्याचा ठोकळा ७५ ग्रॅमच्या आसपास भरेल, सागाचा १६० च्या, बाभळीचा २०० च्या आणि अंजनाचा २७० च्या. मुलांनी तो मे महिन्यात तोलावा, रुंदी मोजावी, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजावी. एवढ्याशा ठोकळ्यात फरक मि.मी.च्या आतच राहील, म्हणून व्हर्निअर कॅलिपर वापरा. परीक्षेपुरता शिकलेला व्हर्निअर एकदाचा कामास येईल.

आमच्या बाकाचे पुढे काय झाले ते सांगतो. मिस्त्रींनी पाडलेल्या एका जुन्या घराचे सागवानी वासे आणले. कित्येक पावसाळे पाहिलेले ते लाकूड सुतासारखे सरळ होते. वरची पट्टी त्यांनी त्याची केली. पाय मात्र माझ्या त्या बदनाम आंब्याच्या फळ्यांतून काढले. मी कारण विचारले, तर म्हणाले, “आता वाळल्यात त्या. आणि पायांवरून तुम्हाला कुठं भिंग सरकवायचंय?”