विश्लेषण : फरशीवरचा सिमेंटचा डाग ॲसिडने घालवावा का?

अंगणात शहाबादी फरशी बसते, सांधे भरले जातात, गवंडी पैसे घेऊन निघून जातात. दोन दिवसांनी फरशी वाळली की तिच्यावर राखाडी-पांढरे पट्टे उमटतात. मग कुणीतरी हमखास सुचवते, ‘ॲसिड मारा, लख्ख होईल.’ डाग जातो हे खरे, पण सोबत दगडही जातो.

डाग नेमका कशाचा?

सिमेंट पाण्याशी मिळाले की त्यातून इतर संयुगांबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना तयार होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते. फरशीवरच्या चिवट पांढुरक्या थरात ते असते. गोम अशी, की कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा दगड आणि राजस्थानातला कोटा हे दोन्ही चुनखडक आहेत. त्यांचाही मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेटच. त्यामुळे डाग कुठे संपला आणि दगड कुठे सुरू झाला, हे हायड्रोक्लोरिक ॲसिडला कळत नाही. फसफस दिसली की मळ निघतोय असे वाटते. प्रत्यक्षात फरशीचा वरचा पापुद्राही त्याच फसफशीत विरघळत असतो. मग तुकतुकी जाते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि तेल, चहा, चिखल त्यात मुरू लागतो. ज्यांच्यासाठी हा खटाटोप झाला ते नवे सांधेही झिजतात. फरशी नीट धुतली नाही, तर तयार झालेले कॅल्शियम क्लोराइड दगडाच्या छिद्रांत राहते आणि हवेतला ओलावा ओढत बसते.

काळ्या पाषाणाचे काय?

बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट चुनखडक नाहीत, ते ॲसिडला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. पण बेसॉल्टमध्ये लोह असते, त्यामुळे ॲसिडनंतर गंजासारखे पिवळट-तपकिरी डाग उमटू शकतात. एक डाग घालवून दुसरा विकत घेतल्यासारखेच ते. दगड कोणता याची शंका असेल, तर उरलेल्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब टाकून पाहावेत. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर जागा निस्तेज दिसली, तर ॲसिडचा विषय तिथेच संपवावा.

मग उपाय काय?

आधी तो लोणा तर नाही ना, हे पाहावे. बोटाला भुकटी लागत असेल तर कोरड्या ब्रशने झाडून काढावी. पाणी ओतले तर क्षार पुन्हा आत मुरून नंतर वर येतात. सिमेंटचाच थर असेल तर फरशी भिजवून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावी, मग नायलॉनच्या ताठ ब्रशने घासावी. जाड गोळे आडव्या धरलेल्या बोथट छिन्नीने, हलक्या हाताने सोडवावेत. पॉलिश केलेल्या कोट्याला पुन्हा मशीन फिरवणे हाच खात्रीचा मार्ग. तो खर्चिक आहे. खडबडीत शहाबादीवर मात्र थोडासा पुसट डाग राहू द्यावा. वावराने तो कमी होत जातो. ॲसिडने खाल्लेला दगड भरून येत नाही.

ॲसिड मारणारा माणूस बहुतेकदा अनवाणी, हातमोज्यांशिवाय असतो, हेही विसरले जाते. बंद बाथरूममध्ये त्याची वाफ छातीत जाते. ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच अटी घातल्या. ते बांधकामावर फिनेलसारखे हाताळले जाते, हे चूकच.

चूक कोणाची?

दोष एकट्या गवंड्याच्या माथी मारणे सोपे आहे. भारतीय मानक आयएस २६९ नुसार साधे पोर्टलँड सिमेंट घट्ट होऊ लागायला किमान ३० मिनिटे आणि पूर्ण घट्ट व्हायला जास्तीत जास्त ६०० मिनिटे घेते. म्हणजे सांधे भरताना सांडलेले सिमेंट ओल्या स्पंजने, बारदानाने किंवा लाकडाच्या भुशाने निघून जाण्याएवढा अवधी हातात असतो. पण दर ठरतो चौरस फुटावर, फरशी बसवण्याचा. पुसण्याचे पैसे त्यात कुणी धरत नाही, मग गवंडी पुढच्या खोलीकडे वळतो. तेव्हा ‘सांधे भरले की त्याच वेळी फरशी पुसून देणे’ ही ओळ कामाच्या कागदावर हवी, तिची मजुरी वेगळी हवी आणि शेवटचा हप्ता फरशी वाळलेली पाहूनच द्यायला हवा. शिवाय माल कालवायला एक पत्रा द्यावा. बसवलेल्या फरशीवरच तो कालवला जातो, आणि सर्वांत मोठा डाग तिथेच पडतो.