आपल्या दानाची शीव

म्यानमारच्या चिन प्रांतात थांतलांग नावाचं गाव आहे. वस्ती सुमारे दहा हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढी. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या देशात लष्करानं सत्ता बळकावली. १८ सप्टेंबरला थांतलांगमधली घरं लष्कराच्या माऱ्यात पेटली. कुंग बियाक हुम नावाचा तरुण बाप्टिस्ट पाद्री आग विझवायला धावला, तर सैनिकांनी त्याला गोळी घातली. त्याचं बोट कापून लग्नाची अंगठी नेल्याचं जगभरच्या वृत्तपत्रांनी छापलं. गाव ओस पडलं. पुढच्या महिन्यात दीडशेहून अधिक घरं जळाली, प्रार्थनामंदिरं जळाली. ही डोंगरातली आदिवासी माणसं. त्यांतली हजारो पोराबाळांसकट तियाऊ नदी उतरून मिझोराममध्ये आली.

नदीच्या अलीकडं जे घडलं, ते आपल्या परंड्यातल्या चावडीवर वाचून दाखवावं असं आहे. दिल्लीहून मार्चमध्येच पत्र निघालं होतं, की कुणाला निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही, आणि भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी त्याच महिन्यात पंतप्रधानांना कळवलं, की ही माणसं आमच्या रक्ताची आहेत, त्यांच्याकडं पाठ फिरवणं आम्हाला जमणार नाही. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत होती. आपल्या एकट्या धाराशिव जिल्ह्याची सोळा लाखांवर. त्या एवढ्याशा राज्यानं तीस हजारांहून अधिक माणसं पदरात घेतली. सरकारी तिजोरी हलायच्या आधी गावोगावची चर्च आणि यंग मिझो असोसिएशनच्या शाखा हलल्या. तांदूळ, कपडे, भांडी गोळा झाली. सभागृहं उघडली, बांबू तोडून निवारे उभे राहिले. पोरांना शाळेत घेण्याचं सरकारी पत्र ऑगस्टमध्ये निघालं.

ही ताकद एका रात्रीत येत नाही. मिझो घरात १९१० पासून एक रीत चालत आली आहे, ‘बुहफाई थाम’. स्वयंपाकाला बसताना घरची बाई तांदूळ मापून घेते आणि पातेल्यात टाकण्याआधी एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. दोन्ही वेळा. घरात खाणारी तोंडं सात असोत की दोन. मग चर्चच्या बायका घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात आणि पैसा चर्चच्या कामाला लागतो. या मुठीवर दात्याचं नाव लिहिलेलं नसतं. कुणाची मूठ मोठी, कुणाची लहान, हे गोळा झालेल्या ढिगात कळत नाही. हा पैसा मुख्यतः धर्मकार्याला जातो, हे खरं. पण ज्या घरात रोज दोनदा दुसऱ्याचा वाटा आधी निघतो, त्या घराच्या दारात परका उभा राहिला तर काय करायचं यावर बैठक बोलवावी लागत नाही.

आता आपल्याकडचे शहाणे काय म्हणतील, ते ठाऊक आहे. पहिला आक्षेप ठरलेला: चर्च मदत करतं ते बाटवण्यासाठी. अहो, चिन लोक बहुतांशी आधीपासूनच ख्रिस्ती आहेत, त्यांना आणखी काय बाटवणार? दुसरा आक्षेप जास्त जड आहे. मिझो आणि चिन भाऊबंदच, मग भावानं भावाला सांभाळलं यात नवल काय? यात तथ्य आहे. याच मिझोराममधून १९९७ साली ब्रू आदिवासींना जीव मुठीत धरून त्रिपुरात पळावं लागलं, आणि २०२० चा करार होईपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ ते छावण्यांत सडले. मिझोंच्या दयेलाही शीव आहे, आणि ती तिथल्या चर्चनं स्वतःला विचारायची गोष्ट आहे.

पण हा आक्षेप घेणाऱ्या परंडेकरांनी आधी आपली शीव कुठं आहे ते दाखवावं. मिझोंची दया निदान देशाची सरहद्द ओलांडून गेली. आपली गावकुसाच्या आतच घुटमळते.

आपण काही निर्वासितपण न पाहिलेली माणसं नाही. परंड्याच्या किल्ल्यानंच एका निर्वासित राजवटीला आसरा दिला होता. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा मलिक अंबरनं निजामशाही इथं आणून पुन्हा उभी केली, आणि तो मलिक अंबर स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. ही झाली दूरची गोष्ट. हैदराबाद संस्थानातल्या रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीवरच्या गावांतली माणसं गाडगी-मडकी टाकून बार्शी-सोलापूरकडं निघाली, ती तर आपल्याच आज्या-पणज्यांची पिढी. चार कोसांवर दुसरं राज्य होतं, म्हणून जीव वाचले. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावून त्या मुक्तीची भाषणं ऐकतो. पण मुक्तीच्या पाठोपाठ काय झालं, ते त्या भाषणात नसतं. पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्याच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. सगळ्यांत जास्त होरपळलेल्या ज्या चार जिल्ह्यांची नावं तिनं नोंदवली, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आपलं धाराशिव, आहे. कुठं शेजाऱ्यानं जिवावर उदार होऊन शेजाऱ्याला लपवलं, कुठं शेजारीच लुटीत सामील झाला. एकाच वर्षात आपण पळणारेही झालो आणि पळवणारेही. यातलं अर्धंच लक्षात ठेवायचं, हे आपण कुणी न सांगता ठरवून टाकलं.

फार जुनं नको असेल तर सप्टेंबर २०२५ आठवा. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या आपल्या तालुक्यात सीना नदीच्या पुरानं वस्त्या वेढल्या. माणसं रात्रभर छपरावर बसली, दावणीची जनावरं वाहून गेली, सोयाबीन कुजलं, मातीसुद्धा खरवडून गेली. महाराष्ट्रभरातून मदत आली. आपली जात, आपला धर्म कुणी विचारला नाही. पण त्याच वेळी जिल्ह्यात मदतीच्या पिशव्या उतरल्या, त्यांवर पुढाऱ्यांचे हसरे फोटो छापलेले होते, आणि राज्यभर त्याची छी थू झाली. टीका योग्यच होती. पण पुढाऱ्यांना ती अक्कल कुणी शिकवली? पंख्याच्या पात्यावर आजोबांचं नाव, मंदिराच्या पायरीवर सासऱ्यांचं नाव, पाणपोईवर सगळ्या घराण्याचं नाव कुणी कोरलं? पुढाऱ्यानं फक्त आपलाच कित्ता गिरवला.

पुरानंतर पंचनामे झाले. ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्या पिकाचा पंचनामा. ज्याचं पाल गायरानात, त्याचं काय वाहून गेलं, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

हा पालातला माणूस म्हणजे आपला पारधी. फासेपारधी हा आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत मोडतो. म्हणजे थांतलांगमधून पळालेल्यासारखाच आदिवासी, फक्त त्याच्या अंगावर लष्कर आलं नाही. त्याच्यावर १८७१ साली ब्रिटिशांनी आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का आपण जपून ठेवला. गावात चोरी झाली की गाडी आधी पालावर जाते, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. जातीच्या दाखल्यासाठी त्याच्याकडं १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याला तेव्हा कुठल्या गावानं तीन रात्री टिकू दिलं नाही, त्याच्या बापाची नोंद सापडलीच तर पोलिसांच्या वहीत सापडायची! दाखला नाही म्हणून योजना नाही. शबरी योजनेत घरकुल मंजूर झालं, तर जागा नाही. जागेचा विषय ग्रामसभेत निघाला, तर दहा वर्षांत तोंड न उघडलेला माणूसही उठून विरोध करतो.

सोनारीच्या भैरवनाथाला जा. तिथल्या माकडांना भाविक शेंगदाणे, केळी, फुटाणे हातानं भरवतात. माकडानं पिशवी ओढली तरी देवाचं म्हणून हसून सोडून देतात. तीच पिशवी घेऊन घराकडं निघालेल्या माणसापुढं पारध्याच्या पोरीनं हात केला, की तो पिशवी छातीशी धरतो. भूतदया आपल्यात मुबलक आहे. तिच्यातून माणूस तेवढा वगळला आहे.

आणि पारध्यांना आपलंसं करण्याचं काम होत नाही म्हणावं, तर आपल्याच जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यात यमगरवाडी आहे. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारध्यांच्या पोरांसाठी तिथं शाळा आणि वसतिगृह उभं केलं. प्रभुणे संघाच्या मुशीतले, मिझोरामची बाई चर्चमधली. दोघांच्या प्रार्थना जुळायच्या नाहीत. पण उपाशी पोर समोर आलं तेव्हा दोघांनी आधी त्याला आत घेतलं. आपण मात्र दोघांकडं बोट दाखवतो, एकाला मिशनरी म्हणतो, दुसऱ्याला संघवाला, आणि घरी येऊन जेवतो.

मूठ काढणं आपल्याला परकं होतं असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहं बायाबापड्यांच्या मुष्टिफंडावर चालली. शेजारच्या बार्शीत मामासाहेब जगदाळ्यांनी १९३४ साली शिक्षणसंस्था उभी केली, ती खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या दाण्यावर आणि आण्यावर. आज त्या शाळांतून शिकून नोकरीला लागलेल्यांच्या गल्लीत वर्गणी निघते ती डीजेची, फ्लेक्सची आणि वाढदिवसाच्या केकची. सप्ताहात काल्याच्या दिवशी हजारांची पंगत उठते, त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण त्या पंगतीत ताट मांडून बसणारे कोण, आणि मांडवाबाहेर डबा घेऊन पत्रावळी उचलायची वाट पाहणारे कोण, हेही एकदा मोजा. आपलं दान आपल्याच पंगतीत फिरून आपल्याच ताटात परत येतं. त्याला पुण्य म्हणायची सोय आपण करून घेतली आहे, एवढंच.

कुणी थांतलांगला तांदूळ पाठवा म्हणत नाही. मागणं साधं आहे. तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत एक ठराव मांडा: आमच्या शिवारात जी पारधी कुटुंबं पालात राहतात, त्यांच्या घरांसाठी आम्ही गावाची जागा देतो, त्यांच्या पोरांची नावं आमच्या शाळेत घालतो, आणि चोरीचा संशय आला तर पुराव्याशिवाय कुणाच्या पालावर पोलीस नेत नाही. सप्ताहाच्या जमाखर्चात या कामाचा एक रकाना घाला आणि त्यात देणाऱ्याचं नाव लिहू नका. ठराव नामंजूर करायचा असेल तर तोही हक्क तुमचा आहे. मात्र तो गोंगाटात नको. एकेकानं हात वर करून, नाव सांगून, इतिवृत्तात नोंद करून नकार द्या, म्हणजे नकार कुणी दिला हे उद्या तुमच्याच नातवंडांना वाचता येईल.