ॲप बनवणाऱ्याला आधी गल्ल्यावर बसवा

दुकानासाठी बिलिंगचं किंवा उधारीचं ॲप बनवून घ्यायचं ठरलं की मालक आणि सॉफ्टवेअरवाला केबिनमध्ये बसून फीचर्सची यादी करतात. दिवसभर ते वापरणारा गल्ल्यावरचा पोरगा त्या मीटिंगला नसतोच. माझ्या मते ती यादी तिथेच निम्मी वाया जाते.

साउंडबॉक्सचंच बघा. यूपीआय आलं २०१६ मध्ये. पैसे जमा झाले की मोबाईलवर दिसायचंच की! पण संध्याकाळच्या गर्दीत वडापाववाल्याचे हात बेसनात, तो मोबाईल कधी बघणार? त्यात एखादा जुना स्क्रीनशॉट दाखवून सटकायचा. त्याला "काय फीचर हवं?" विचारलं असतं तर बिचारा म्हणाला असता, "अक्षरं मोठी करा." गरज मात्र कानाने कळण्याची होती. गाडीशेजारी अर्धा तास उभं राहिलं की हे लगेच दिसतं.

म्हणून "काय हवं?" ऐवजी "काल काय झालं?" असं विचारा. माझ्याच दुकानातल्या उधारीच्या वहीत 'गिरणीवाल्या काकू' असं नाव आहे, मोबाईल नंबर नाही. नंबर टाकल्याशिवाय पुढे न जाणारं ॲप इथे पहिल्याच संध्याकाळी बंद पडणार. मग पोरगा गुपचूप वही काढतो आणि मालक ओरडतो, "स्टाफ शिकतच नाही!" अहो, पैसे तुमचे गेले, बोलणी त्याने का खायची?

ॲडव्हान्स देण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला शनिवारी सात ते नऊ गल्ल्याशेजारी स्टूल द्या. गिऱ्हाईक असताना मध्ये बोलायचं नाही, एवढंच बजावा. चहा तुमच्याकडून.