बॅटरी दमते तेव्हा

माथेरानात दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना मज्जाव. तिथून गावापर्यंतचा चढ वर्षानुवर्षे माणसांनी हातरिक्षा ओढून चढविला. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रयोगादाखल आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. माणसाच्या अंगावरचा भार असा बॅटरीवर आला.

वाचकहो, बॅटरी वीज निर्माण करीत नाही. भरलेली वीजच, तीही थोडी कमी करून, परत देते. चढावर ती अधिक खर्ची पडते. म्हणून रिक्षा दमली की लगेच बॅटरीला बोल लावू नये. प्रथम किल्ली बंद करून जोडण्या पाहाव्यात. सैल किंवा गंजलेली जोडणी तापते आणि विजेची वाट अडविते. रात्रभर चार्जिंगला लावूनही व्होल्टेज चढले नाही, तर आधी चार्जर नि तारा तपासाव्यात. पूर्ण भरलेली बॅटरी चढावर झटकन उतरू लागली, तर मात्र ती बहुधा म्हातारी झाली.

नवी बॅटरी म्हणजे रिक्षावाल्याची कित्येक दिवसांची कमाई. एवढी पारख त्याला हवीच. नाहीतर हातातून सुटलेले ओझे कर्ज होऊन पुन्हा डोक्यावर बसायचे!