रडण्याला रिसीव्हर लागतो

"मुलींसारखा काय रडतोस?" हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे एकही मुलगा मोठा होत नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला तेच इंग्रजीत मिळायचं, एवढाच काय तो फरक. मग हॉस्टेलवर आलो की आपण नवी युक्ती शिकतो. बाथरूमचा नळ पूर्ण सोडायचा आणि आत रडून घ्यायचं. कुणी विचारलंच, तर "साबण गेला रे डोळ्यात!"

पण मित्रांनो, आपण इंजिनिअर होणारी माणसं. कुठलीही यंत्रणा दिसली की ती कशासाठी आहे, हे आपण विचारायला हवं. मग डोळ्यांतल्या या पाण्याचा उपयोग काय?

हे पाणी तीन प्रकारचं असतं. पहिलं डोळा ओला ठेवणारं. दुसरं धूळ, धूर किंवा कांद्यामुळे येणारं. कांदा चिरला की त्यातून निघणारा गंधकयुक्त वायू डोळ्यांना झोंबतो आणि अश्रुग्रंथी तो धुऊन काढते. ही कामं प्राण्यांचे डोळेही करतात. तिसरं पाणी भावनेचं. दुःखाने घळाघळा अश्रू ढाळणारा प्राणी मात्र, बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते, माणूस एकटाच.

इथे खुद्द डार्विन अडला होता. १८७२ च्या आपल्या ग्रंथात त्याने हे अश्रू म्हणजे ओघाने होणारा, निरुपयोगी परिणाम मानला. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या विल्यम फ्रे यांनी मांडलं की रडण्यातून ताणाची रसायनं बाहेर पडतात. कल्पना छान, पण चार थेंबांतून असं कितीसं रसायन जाणार? भक्कम पुरावा काही मिळाला नाही.

आज जास्त पटणारं उत्तर वेगळं आहे. अश्रू हा सिग्नल आहे! अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रडणाऱ्या माणसांच्या फोटोंतले अश्रू कॉम्प्युटरवर पुसून टाकले. तेच चेहरे बघणाऱ्यांना लगेच कमी दुःखी वाटले. म्हणजे "मला मदत हवी आहे" हे न बोलता सांगायची ही सोय आहे.

आणि "रडलं की मोकळं वाटतं" याचं काय? २००८ मध्ये रोटेनबर्ग, बिल्स्मा आणि विंगरहुट्स यांनी रडण्याच्या तीन हजारांहून जास्त प्रसंगांचा अभ्यास केला. बहुतेकांना बरं वाटलं होतं, पण सुमारे एकतृतीयांश लोकांना काहीच फरक पडला नव्हता आणि दहातल्या एकाला उलट जास्तच वाईट वाटलं होतं. बरं वाटण्याची शक्यता सर्वांत जास्त कुणाला? ज्यांना त्या वेळी कुणीतरी आधार दिला त्यांना.

आता सांगा, बंद दाराआड नळ सोडून आपण काय करतो? ट्रान्समीटर चालू आणि रिसीव्हर बंद!

म्हणून मेसमध्ये बसून सगळ्यांनी गळे काढावेत, असं मी म्हणत नाही. पण के.टी. लागली, घरी कुणी आजारी पडलं किंवा नुसती घरची आठवण आली, तर निदान रूममेटसमोर तरी रडायला लाजू नये. आणि समोरचा रडत असेल, तर "चल, रडू नकोस" म्हणून विषय संपवू नये. शेजारी बसावं. चहा सांगावा. सर, मॅडम, रेक्टर, तुम्हालाही हीच विनंती. दर वर्षी जूनचा महिना संपला की फर्स्ट इयरची नवी मुलं हॉस्टेलवर येतात. त्या महिन्यात बाथरूमचा एखादा नळ फार वेळ वाहताना ऐकू आला, तर पाणी वाया जातंय म्हणून ओरडण्याआधी एकदा दार वाजवून बघा.